मानगुटीची पारख

गोचिडाच्या पावडरीचा वास आला, की सोलापुरातलं पिल्लं दत्तक द्यायचं ते शिबिर आठवतं. पत्र्याचा मांडव तापला होता, बेवारस पिल्लं धापा टाकत होती आणि ‘आधी घर बघा, मग कुत्रं निवडा’ असं सांगून माझा घसा बसला होता. माढ्याकडचं एक जोडपं लेकीसाठी पिल्लू न्यायला आलं. नवरा एकेका पिल्लाला मानगुटीला धरून उचलू लागला. केकाटेल ते भित्रं, गप्प राहील ते राखणीचं, ही त्यांच्याकडची जुनी पारख. एक गप्प राहिलं. “हेच न्यायचं!” तो म्हणाला. “दादा, ते धीट नाही, तापानं फणफणलंय. ओरडायचं त्राणच नाही त्याच्यात. आजारी पिल्लू मी देणार नाही.” “आमी कुत्र्यातच वाढलोय की, ताई!” बायकोनं मघाशी केकाटलेलं पिल्लू पोटाशी धरलं. “अहो, हे घ्या की. आपली पोरगी बी लई रडती, म्हणून टाकून दिली का तिला?” तो हसलाही नाही, गाडीला किक मारून “चल” म्हणाला. तिनं पिल्लू माझ्या हातात दिलं आणि मागं न बघता जाऊन बसली. आता मला ओरडून सांगायचा कंटाळा आलाय. कुणी पिल्लाच्या मानगुटीकडे हात नेला, की मी काही न बोलता तो हात धरते.