मामा का बेटी

“ताई, सांगून ठिवल्यालं बरं.” त्याचं बोलणं इथून सुरू व्हायचं, आणि मग कुणी न विचारलेलं सगळं तो सांगायचा. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या ऑफिसात एसी दुरुस्त केला की आपणहून म्हणायचा, “एक स्क्रू माझ्या हातनं हरवला. दुसरा बसवलाय.” असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

तो आमच्या कंपनीचा एसी मेकॅनिक, सांगलीकडचा. लग्न मामाच्या मुलीशी झालेलं. त्यांच्याकडे तशी रीतच. मी पुण्याची. आमच्या घरात मामेबहीण म्हणजे बहीणच. “अहो, बहिणीशी लग्न?” असं मी एकदा बोलून गेले. तो हसला. “बहीण कुठली ताई? मामाची पोरगी म्हंजे हक्काची.”

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यात दोघं एकत्र राहिली होती चाळीस दिवस. मग त्याचा पगार वाढला, वादी अदाईला खोली मिळाली आणि तो बायकोच्या व्हिसाच्या मागे लागला. कंपनीतले व्हिसाचे कागद मीच बघते, म्हणून व्हिसा ऑफिसात सोबत गेले. गाडीत बजावलं, “विचारतील तेवढंच बोला. नात्याचं काढू नका.” त्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

टेबलामागच्या ओमानी साहेबांना कामापुरती हिंदी येत होती. लग्नाचा दाखला बघून त्यांनी एवढंच विचारलं, “वाइफ?”

“हां साब. रिश्ते में भी है. मामा का बेटी.”

साहेबांचं पेन थांबलं. अरबी घरात मामा म्हणजे आई; त्यांनी ऐकलं, आईची मुलगी. “तुम्हारा मामा?”

“हां साब! सगा मामा!” हा अगदी अभिमानाने.

त्यांनी फाइल मिटली. अकरा वर्षं मस्कतमध्ये काढलेली मी, पण ‘यल्ला’, ‘खलास’ म्हणजे ‘चला’, ‘झालं’, एवढीच अरबी मला येते.

त्याला मात्र घोळ कळला होता. एकेक बोट पुढे करत तो म्हणाला, “उम्मी. उम्मी का अखू. अखू का बिन्त.” आई, आईचा भाऊ, भावाची मुलगी. गच्च्यांवर एसी बसवता बसवता कानावर पडलेली अरबी.

“आ! बिन्त खाल!” म्हणजे मामाची मुलगी. साहेब खो खो हसले. “मेरा वाइफ भी चाचा का बेटी है!” फाइल उघडली, शिक्का बसला. “मबरूक! मुबारक हो!”

बाहेर भर उन्हात तो गाडीला टेकून रडला. घोळ त्यानेच घातला होता, खरं तर रागवायला हवं होतं. पण माझा जीव असा भांड्यात पडला होता की मलाही रडू आवरेना. शिवाय थोडी लाज वाटत होती. जे नातं मी लपवायला सांगत होते, तसंच त्या साहेबांच्याही घरात होतं.

ती आली, वादी अदाईची खोली नांदती झाली. गेल्या वर्षी दोघं सोहारला, ओमानच्याच दुसऱ्या शहरात, राहायला गेली.

आता ऑफिसात नवा मेकॅनिक येतो. एसी नीट करतो, सही घेतो आणि जातो. तक्रारीला जागा नाही. परवा मीच त्याला थांबवून विचारलं, “काही सांगायचं होतं का?”

“नो मॅडम,” म्हणाला.