तीनदा कापलेली रांजणवाडी

"हा कॅन्सर आहे," मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळा वाचेल की काढावा लागेल, ते ऑपरेशनच्या वेळीच कळेल." मी रडले नाही. आमच्या कर्जतच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा गळा धरावासा वाटला, एवढंच.

दीड वर्षात त्याने माझ्या वरच्या पापणीची रांजणवाडी तीनदा कापली होती. 'कॅलेझियन', म्हणजे पापणीतल्या तेलाच्या ग्रंथीचं तोंड बुजून झालेली साधी गाठ, असं सांगून. तिन्ही वेळा ती तिथंच परत आली. तिन्ही वेळा तुकडा कचऱ्यात गेला. "एवढ्याशा गाठीला कसली तपासणी?" म्हणाला होता मेला.

अक्कल मीही गहाण ठेवली होती. मी कर्जतजवळच्या कळंबला अंगणवाडी चालवते. गाठीपाशी पापणीचे केस गळायला लागले, तर पोरी गळलेला केस माझ्या मुठीवर ठेवायच्या. "बाई, डोळं मिटा, मनात मागा नि फुंका!" मी हसत फुंकत राहिले. दुखत तर काहीच नव्हतं.

"दुखत नाही म्हणून साधी समजू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साधी गाठ सहसा केस गाळत नाही. जी कापूनही त्याच जागी उगवते, केस गाळते, पापणीची कड कुरतडते, तिचा संशय घ्यायचा. त्यांनी बायोप्सी, म्हणजे तुकड्याची तपासणी केली होती. 'सेबेशियस कार्सिनोमा' निघाला. त्याच तेलग्रंथींचा कॅन्सर.

पापणीचा तिसरा हिस्सा गेला. डोळा वाचला. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, आणि त्या मेल्यालाही नाही.

टाके निघाले तशी त्याच्या दवाखान्यात जाऊन बसले. वेटिंगमध्ये गॉगल काढायचा, शिवलेली पापणी दाखवायची आणि बसलेल्या पेशंटना सांगायचं, "तुकडा तपासायला पाठवा म्हणावं. नाय म्हणाला तर उठायचं." दर मंगळवारी. आजारपण अंगावर काढणाऱ्यांनो, तुम्हालाही हेच सांगते.

चौथ्या मंगळवारी त्याने आत बोलावलं. चेहरा उतरला होता. "बाई, चुकलं माझं. माफ करा."

"माफीचं मागाहून बघू. बाहेर भिसेगावची बाई बसलीय, तिची गाठ दुसऱ्यांदा आलीय. तुकडा बाटलीत घातलात की मला आणून दाखवा."

तासाभराने तो स्वतः बाटली घेऊन बाहेर आला. बाटलीवरच्या चिठ्ठीतलं नाव मी वाचलं, त्या बाईला विचारून बरोबर असल्याची खात्री केली आणि मगच उठले. माफ मात्र अजून केलेलं नाही.