खिशाकडे गेलेला हात

विनयच्या घरी चहाला बसलो होतो. तो स्टँड-अप कॉमेडी करतो, बहुतेक घरातल्याच किश्श्यांवर. हल्ली त्याचे शो हाउसफुल्ल असतात. त्याची बायको मेधा स्वतःच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगत होती, ती एकदम थांबली. विनयचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला होता. सुचलेलं तिथल्या तिथे टिपून ठेवायची त्याची जुनी सवय.

“अगं, वेळ बघत होतो,” तो म्हणाला.

घरातलं थोडंफार आपण सगळेच बाहेर बोलतो. पण जिच्या रागावर, रडण्यावर भरलेलं सभागृह हसून गेलंय, तिने नवऱ्याशी बोलायचं तरी काय?

विनयने मोबाइल बंद करून माझ्या हातात दिला. “आता बोल ना. काय म्हणाले डॉक्टर?”

मेधा माझ्याकडे वळली. “भावजी, साखर बरोबर आहे ना चहात?”