घोट्याचा दोरा

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मिठागरात कामाला होते आणि संघटनेचं काम करायचे. मुंबईहून येताना पत्रकांचे गठ्ठे आणायचे, आणि वाटून उरलेल्या पत्रकांवर मी अक्षरं गिरवली. 'मागणी', 'निषेध', 'एकजूट' हे शब्द मला 'गाय' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आले. वडील वारले तेव्हा मी सातवी पास होऊन गावातल्या शाळेत शिकवायला लागले होते. जगातल्या प्रत्येक दुखण्यामागे कुठला ना कुठला मालक असतो, अशी माझी पक्की समजूत झालेली होती. ती समजूत अजून पुरती गेलेली नाही. पण एका दुखण्यामागे मी होते, आणि ते मला सांगितलं पाहिजे.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. दिवाळी झाली की भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं आणि पाऊस पडेपर्यंत मीठ ओढायचं. पुरुष ओढतात, बाया पाट्या भरून डोक्यावरून राशीपर्यंत नेतात. पाय सकाळपासून खाऱ्या पाण्यात. कातडी पांढरी पडते, मग तिला भेगा पडतात, भेगांत मीठ जातं आणि संध्याकाळी पाय भाकरीसारखे फुगतात. घरी आल्यावर खोबरेल आणि हळद लावायची, सकाळी सूज उतरलेली असते. याला आमच्याकडे कोणी आजार म्हणत नाही. मिठागरवाल्या घरची मुलगी असली तर सोयरीक जुळवताना तिच्या पायांकडे कोणी बघतसुद्धा नाही.

संघटनेनं रबरी बूट आणि पाय धुवायला गोडं पाणी मागितलं, तेव्हा मालकांकडून उत्तर आलं की बाया पाय धूत नाहीत म्हणून त्यांचे पाय बिघडतात. पाणी देत नाहीत आणि वर हे बोलतात! मी ठरवलं, पत्रक छापून पुरावा द्यायचा. शिवणाच्या दोऱ्याची दोन रिळं आणली, एक लाल, एक पांढरं. सकाळी कामावर जाताना बाईच्या घोट्याभोवती लाल दोरा गुंडाळायचा आणि टोकं जुळतात तिथं गाठ मारून कापायचा. संध्याकाळी तेच पांढऱ्या दोऱ्यानं. बारा बाया होत्या. प्रत्येकीची पुडी वेगळी, वर तिचं नाव, आणि सगळ्या पुड्या बिस्किटांच्या डब्यात. लाल आणि पांढरा दोरा शेजारी धरला की मालकाचं पाप बोटाच्या पेरांनी मोजता यायचं.

त्या बारांत माझी वहिनी होती. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. भाऊ मुंबईला गोदीत, सणाला यायचा, त्यामुळे ती नवऱ्यापेक्षा माझीच जास्त. तिची पहिली खेप, सातवा महिना लागत होता. तिच्या घोट्याला दोरा सगळ्यांत जास्त लागायचा.

"माझे पाय छापणार तू?" ती विचारायची.

"छापणार."

"मंग वाळं काढ त्यावर. चांदीचं. उघडे पाय छापलेस तर माझा बाप म्हणंल, जावयानं विकलं वाटतं."

आई चुलीपुढून ओरडायची, "पोटात पोर हाय आन वर मीठ. सुजणार नाय तर काय? सोड तिला, भाकऱ्या थापू दे."

शिमग्याला मिठागर दोन दिवस बंद होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाराही जणींचं माप घेतलं. अकरा जणींचे दोरे आखूड झाले होते. दोन दिवस पाण्याबाहेर राहिल्यावर पाय मूळ आकारावर आले होते. वहिनीचा दोरा वाढला होता. तिनं दोन दिवसांत मिठाला पायही लावला नव्हता, तरी तो अर्ध्या बोटानं वाढला होता.

तो दोरा माझ्या हातात होता. शाळेतल्या पोरांना मी रोज सांगायची, वेगळं काय दिसतं ते शोधा. आणि त्या दोऱ्याकडे बघून मी काय केलं? पाटीवर एक वाक्य लिहिलं: "एका गरोदर कामकरीण बाईचे पाय मिठानं इतके नासले आहेत की दोन दिवसांच्या विश्रांतीनंतरही त्यांची सूज उतरत नाही." मला ते वाक्य फार आवडलं. पत्रकाचं पहिलं वाक्य तेच ठरलं.

पुढच्या आठवड्यात ओटी भरायची म्हणून हिरव्या बांगड्या घालायला कासारीण आली. तिनं वहिनीचा हात दाबला, पुन्हा दाबला, आणि बांगड्यांचा पुडा खाली ठेवला.

"हा हात हाय का रताळं? लग्नात मी तुझ्या हातात बांगडी सरकवली ती पाण्यासारखी गेली होती."

"सासू चांगली जेवायला घालते," वहिनी म्हणाली. बाया हसल्या.

"थोबाड पण भरलंय," एकजण म्हणाली. "पोरगाच हाय बघ."

कासारीण हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तरीण, पाय मिठात असतात, मान्य. पण हात कुठं असतो मिठात? तोंड कुठं असतं? पनवेलात दाखव हिला."

बांगड्या विकणाऱ्या बाईला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. माझ्या डोक्यात वेगळीच वीज चमकली: दाखवायचंच, पण दाखला घ्यायला. डॉक्टरच्या सहीचा कागद पत्रकात छापला तर मालक काय बोलतील?

पनवेलच्या बाजारात एका डॉक्टरचा दवाखाना होता. हाच डॉक्टर दर वर्षी मिठागरावर येऊन मजूर धडधाकट असल्याचं लिहून द्यायचा आणि मालकाच्या बंगल्यावर जेवून जायचा. त्यामुळे मी आत गेले तीच बाह्या सरसावून.

"हिच्या पायांचा दाखला पाहिजे," मी म्हटलं.

त्यानं वहिनीच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग त्यानं तिच्या पापण्या बघितल्या, बोटं बघितली.

"डोकं दुखतं?"

वहिनी लाजून माझ्याकडे बघायला लागली. उत्तर मी दिलं. "उन्हात पाट्या वाहून कोणाचं दुखणार नाही?"

"डोळ्यांपुढे काजवे चमकतात?"

"दिवसभर मिठाच्या राशीकडे बघा डॉक्टर, तुम्हालाही चमकतील."

वहिनीला काजवे खरंच दिसत होते. रोज सांगायची. पण चैत्राच्या उन्हात पांढऱ्याशुभ्र मिठावर काम करणाऱ्या कोणाला ते दिसत नाहीत? डोकं, डोळे, पाय, तिच्या रोगाची एकूण एक खूण आमच्या कामानं आधीच स्वतःच्या नावावर लावून घेतलेली होती.

डॉक्टर म्हणाला, "उद्या सकाळची लघवी बाटलीत घेऊन या. हिला कामावर पाठवू नका. निजवून ठेवा."

"मी पायांचं विचारते आहे आणि तुम्ही लघवी मागता. कशासाठी?"

"तुला कळायचं नाही. आण म्हटलं की आणायची."

यावर आज मी पुष्कळ विचार करते. त्यानं चार वाक्यं बोलायला हवी होती. गरोदर बाईला, तिच्या नणंदेला, समोर बसलेल्या माणसांना चार सरळ वाक्यं सांगणं त्याला कमीपणाचं वाटलं. आणि मला त्याच्या तोंडून मालक बोलताना ऐकू आला: कामावरून काढा, हजेरी बुडवा, दाखला देऊ नका. मी वहिनीचा हात धरला आणि बाहेर पडले. टांग्यांच्या अड्ड्यावर येईपर्यंत मी रागानं बोलतच होते.

"मुताची बाटली घेऊन एष्टीत बसू मी?" वहिनी म्हणाली. "लोकांना वाटायचं उसाचा रस हाय. कोणी मागितला तर?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की टांगेवाला बघायला लागला.

"राहू दे," मी म्हटलं. "दाखल्याशिवायच छापू."

बाटली नेली नाही. वहिनी तिसऱ्याच दिवशी कामावर गेली. मी तिला अडवलं नाही, कारण संघटनेचा बुटांसाठीचा मोर्चा तोंडावर आला होता आणि तिनं घरी बसणं म्हणजे आमच्यातलीच एक घाबरली असं दिसलं असतं. हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही, मनात मात्र हेच होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई पळत शाळेत आली. "चल लवकर. तुझ्या वयनीच्या अंगात आलंय."

बांधावर गर्दी होती. वहिनी मिठात पडलेली. हात वळलेले, दात आवळलेले, जीभ चावून ओठांतून रक्त येत होतं. आईनं तिच्या कपाळाला कुंकू फासलं होतं आणि ती तिच्या कानाशी ओरडत होती, "कोण हायस तू? काय पायजे तुला? माझ्या सुनंला सोड." बाजूच्या बाया हात जोडून उभ्या होत्या. मी आईला ओढून बाजूला केलं. अंधश्रद्धेवर मी किती लिहिलं होतं! पण आईला निदान एवढं कळलं होतं, की हे मिठाचं नाही.

मिठाची गाडी रिकामी करून तिच्यात वहिनीला घातलं. पनवेलला पोहोचेपर्यंत दोनदा झटका आला. मधल्या वेळात ती घोरत होती, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

डॉक्टरनं लगेच सुई टोचली. मग रबरी नळीनं लघवी काढली, काचेच्या नळीत घेतली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. बघता बघता नळीतलं पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं घट्ट झालं. त्यानं ती नळी उजेडात धरून मला दाखवली.

"हे मागितलं होतं मी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

तेव्हा त्यानं ती चार वाक्यं सांगितली. ही सूज पायांची नसते, अख्ख्या शरीराची असते. आधी पाय, मग हात, मग तोंड. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं, मग झटके येतात. वेळेवर कळलं तर बाईला निजवून ठेवतात, मुंबईच्या इस्पितळात नेतात, गरज पडली तर दिवस भरायच्या आधी बाळंत करतात.

"आता न्या ना मुंबईला," मी म्हटलं.

"मोटार मिळाली तर न्या. ठाण्यावरून जायचं. वाटेत झटका आला तर मी सोबत नसेन."

मोटार मिळाली ती दुपारी तीनला. त्याआधी वहिनी गेली. पोर पोटातच गेलं होतं. आईनं विचारलं, मुलगा होता का? आमच्याकडे अशा बाईला मूल पोटात ठेवून स्मशानात नेत नाहीत म्हणून दवाखान्याबाहेर वादावादी झाली, ती मी इथं लिहीत नाही.

दहावं झालं आणि छापखान्यातून गठ्ठा आला. वर माझं ते वाक्य. दोन दिवसांच्या विश्रांतीनंतरही सूज उतरत नाही. तिचे पाय होते ते, वाळ्यांशिवाय. मला गठ्ठा चुलीत घालायचा होता. संघटनेचे लोक म्हणाले, "आता तर पत्रक वाटलंच पाहिजे. मालकानं बाई मारली. सगळ्या गावाला कळू दे."

मी वाटलं. हो, मी वाटलं. खरं काय होतं ते मला माहीत झालं होतं, तरी बांधाबांधांवर जाऊन माझ्या हातानं वाटलं. कारण लोक चिडले होते, आणि लोकांचं चिडणं मला लहानपणापासून सगळ्यांत पवित्र वाटत आलं होतं. मोर्चा मोठा निघाला. बूट मिळाले नाहीत.

नंतर मी दुसरं पत्रक लिहिलं. हात सुजले, तोंड सुजलं, डोकं दुखलं तर दवाखान्यात जा, लघवी तपासा. संघटनेनं छापलं नाही. म्हणाले, यात मागणी कुठं आहे? आणि मालकांना आयतंच सापडेल, की बाई मिठानं मेली नाही. मी हातानं पन्नास प्रती काढल्या. बाईची लघवी हा शब्द कागदावर बघून पुरुषांनी त्या बायांपर्यंत पोचू दिल्या नाहीत.

पुढच्या शिमग्यानंतर शेजारच्या पाड्यावर एक पोर दिसली. पहिलीच खेप, सात महिन्यांची. ओट्यावर बसून लसूण सोलत होती आणि बोटं फुगलेली असल्यानं पाकळी हातातून निसटत होती. तोंड गोल झालेलं. मी तिच्याजवळ बसले. वहिनीचं सगळं सांगितलं, बाटलीचंसुद्धा. आजच्या आज माझ्याबरोबर पनवेलला चल म्हटलं.

ती उठून आत गेली आणि देवळीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. माझं पत्रक होतं. तिनं ते हळदीकुंकवाच्या करंड्याखाली जपून ठेवलं होतं.

"माझ्या घोवानं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "तूच लिवलंस ना? मिठानं सुजतात."

"मी चुकले होते. खोटं आहे ते."

"छापलेलं खोटं कसं आसंल?" ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आपणच मला धीर देत असल्यासारखी. आतून सासूनं कोण आलंय म्हणून विचारलं. "ती पायवाली मास्तरीण," हिनं सांगितलं.

मग तिनं लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि पाय माझ्यापुढे केला.

"दोरा आणलास का?"