जिन्याच्या रेलिंगची केस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला सल्ला द्यायला आलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकवलं, आणि प्रत्येकाला मी सांगितलं की बाबा रे, माझी अडचण पायऱ्यांचीच आहे.

अमळनेरात आमचं लहानसं माडीचं घर आहे. खालच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, वर मी एकटी. जिना बाहेरून. नवऱ्याने कर्ज काढून, दिवाळीचे बोनस घालून ते घर टप्प्याटप्प्याने बांधलं आणि जिन्याचं रेलिंग ‘पुढच्या वर्षी’ म्हणून ठेवून दिलं. पुढच्या वर्षी ते स्वतःच गेले. मी एसटीत कंडक्टर होते. हलत्या गाडीत पाय रोवून तिकिटं फाडण्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा उघड्या जिन्याचं मला काही वाटत नसे. पण मी निवृत्त झाले आणि पाठोपाठ दोन्ही गुडघ्यांनीही राजीनामा दिला. वर जाताना मी भिंत धरून जायची. उतरताना आजूबाजूला कोणी नाही बघून एकेका पायरीवर चक्क बसत बसत उतरायची.

मुलगा पुण्याला असतो. तो गेल्या उन्हाळ्यात आला, जिना बघितला आणि म्हणाला, “आई, एक तर याला रेलिंग लाव, नाही तर घर विकून माझ्याकडे चल. दिवाळीपर्यंत वाट बघतो.” मुलगा गुणी आहे, सूनही चांगली आहे. पण त्यांच्या फ्लॅटात आठ दिवस राहिलं की मला ओळखणारा एकटा वॉचमन, आणि तोही रोज नव्याने विचारणार की कोणाकडे जायचंय. इथे मी भाजी आणायला निघाले तरी चारजण अक्का म्हणून हाक मारतात. त्यांतल्या दोघांना मी कधीकाळी सुट्ट्या पैशांवरून बसमधून उतरवलेलं असतं. हे सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

तेव्हा मी वेल्डिंगवाला गाठला. आमच्या गल्लीच्या टोकाशी त्याचं दुकान. चाळिशीतला, गोड बोलणारा माणूस. गोड इतका की त्याच्याशी बोलल्यावर चहात साखर कमी घातली तरी चालावी. मापं घेतली, पाईप कोणता, रंग कोणता सगळं ठरलं आणि वीस हजार अॅडव्हान्स घेतला. दुसऱ्या दिवशी खरंच आला. ठिणग्या उडवत खालच्या तीन पायऱ्यांना रेलिंग लावलं. ज्या पायऱ्यांवरून रांगतं पोर पडलं तरी हसत उठेल, तेवढ्याच त्या तीन. मग तो जेवायला म्हणून गेला.

पुढचे दोन महिने मी त्याच्या दुकानाच्या वाऱ्या केल्या. “सोमवारले पक्कं, अक्का,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. कोणत्या सोमवारी ते कधी सांगितलं नाही. कधी लाईट नसायची, कधी वेल्डिंगचे रॉड संपलेले, कधी मावशी वारलेली. तीच मावशी दुसऱ्यांदा वारली तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मी “मागचा पैसे देतोय” म्हणून पुढे सरकणारे लोक बघितलेले आहेत. विनातिकीट माणूस मला चेहऱ्यावरून कळतो, आणि हा माझ्या वीस हजारांवर विनातिकीट प्रवास करत होता.

शेजारी एक नाना राहतात, कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, ग्राहक आयोगात जा. वकील लागत नाही, एवढ्याशा रकमेला फी लागत नाही, आपला अर्ज आपण द्यायचा. अर्ज त्यांनीच लिहिला. इतक्या वर्षांनी हातात काम आल्यामुळे त्यांना चेव चढला होता. “अक्का, अर्जाला जरा वजन पाहिजे,” म्हणाले आणि त्यांनी लिहिलं की सदर तक्रारदार महिलेस कठड्याअभावी जिना चढणे-उतरणे सर्वथा अशक्य झाले असून ती स्वतःच्याच घरात कैद्याप्रमाणे जीवन कंठीत आहे. या हालअपेष्टांबद्दल वीस हजारांवर आणखी पन्नास हजार मागितले. पन्नास हजारांचा आकडा बघून मी कैदी व्हायला तयार झाले आणि सही ठोकली.

आयोग जळगावला, जिल्ह्याच्या ठिकाणी. तारखेच्या सकाळी मी अमळनेरच्या स्टँडवर आले तर गाडीला ही गर्दी. मी दाराशी चेंगरत होते, तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला, “अक्का, आठे या! तुम्हले जागा धरेल शे.”

बघते तर तो. खिडकीतून रुमाल टाकून त्याने माझ्यासाठी जागा धरली होती. रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांशी मी सगळी नोकरी भांडले. किती रुमाल मी खिडकीबाहेर भिरकावले असतील! आणि म्हातारपणी माझ्यासाठी रुमाल टाकला कोणी, तर ज्याच्यावर मी केस केली त्याने. तत्त्व म्हणून उभी राहणार होते, पण जळगाव दीड तासावर होतं आणि गुडघ्यांना तत्त्वं नसतात. बसले.

गाडीतली कंडक्टर पोरगी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने विचारलं, “अक्का, जळगावला काय काम?” मी म्हटलं, “केस आहे.” “कोणावर?” मी शेजारी बोट दाखवलं. मग काय विचारता! अख्ख्या बसला केस कळली. पुढच्या बाकावर डोळे तपासायला निघालेले एक आबा होते. ते मागे वळून बसले आणि त्यांनी कामकाज हातात घेतलं.

“केस कसानी शे, माय?” आबांनी विचारलं. मी सांगितली. आबा त्याच्याकडे वळले. “मंग पैसा दी टाक ना रे भो! बाईमाणूसना पैसा डुबाडस?”

तो म्हणाला, पैसे बुडवले नाहीत, पैसे लोखंडात आहेत. लोखंड कुठे आहे विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागला. धरणगाव आलं तेव्हा त्याने रस्त्याकडेच्या एका बंगल्याकडे हळूच बोट दाखवलं. “त्या देखा, अक्का. तुम्हना पाईप.”

बंगल्याला नवंकोरं, रुंद, मोरपंखी रंगाचं गेट होतं. माझ्या अॅडव्हान्सचं लोखंड त्या गेटात गेलं होतं, आणि त्या गेटवाल्याच्या अॅडव्हान्सचं आणखी कोणाच्या खिडकीत. याच्या धंद्याची रीतच ती होती. पुढच्याचे पैसे घेऊन मागच्याचं काम, आणि माझ्यानंतर मात्र पुढचं गिऱ्हाईकच आलं नव्हतं. संताप तर आलाच, पण गेट खरंच सुरेख झालं होतं. पाळधी येईस्तोवर आबांनी निकाल दिला की याने पैसे परत करावेत आणि सगळ्यांना चहा पाजावा. चहा त्याने जळगावला उतरल्यावर खरोखर पाजला. पैशांचं म्हणाला, सोमवारी.

आयोगाच्या इमारतीला पुढून रुंद, मोकळ्या पायऱ्या आहेत. कुठेही धरायला काही नाही. मी खाली उभी राहून त्यांच्याकडे बघत होते. त्याने शेजारी येऊन हात पुढे केला आणि म्हणाला, “आठे बी रेलिंग नही, अक्का. आते केस कोनवर करशात?” मला हसू आलं, याचा मला फार राग आला. पण हात धरला. तक्रारदार आणि सामनेवाला हातात हात घालून आयोगात शिरले.

त्यानंतर दर तारखेला हेच. तो रुमाल टाकायचा, मी बसायची, धरणगावला आम्ही दोघं गेट बघायचो, मग हात धरून पायऱ्या. आत गेल्यावर मी मात्र त्याला सोडत नसे. तो मुदत मागायचा, मी त्याच्या मावशीची दोन्ही मरणं सांगायची. बाहेर आलो की पुन्हा हात धरून खाली. खरं सांगते, मला तो आवडायला लागला होता. पण म्हणून वीस हजार सोडायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली आणि शेवटची तारीख लागली. आदल्या रात्री न सांगता मुलगा पुण्याहून हजर. “तुला एकटीला कोर्टात कशाला पाठवायचं?” म्हणाला. पण त्याची नजर जिन्यावर होती. खालच्या तीन पायऱ्यांचं रेलिंग बघून तो काहीच बोलला नाही. त्याचं काही न बोलणं मला तो लहान असल्यापासून माहीत आहे. त्याचं ठरलेलं असतं.

आयोगाच्या अध्यक्ष एक मॅडम होत्या. चष्मा नाकावर, आवाज शांत. सकाळी मुलगा आंघोळीत असतानाच मी घरचा जिना उतरून घेतला होता. आयोगाच्या पायऱ्या त्याचा हात धरून चढले, देवदर्शनाला आल्यासारखी. तो मागच्या बाकावर बसला. वेल्डिंगवाल्याने आपल्या लेखी उत्तरात म्हटलं होतं की तक्रारदार बाई व्यवस्थित पायऱ्या चढतात, मी स्वतः पाहिलं आहे. मॅडमनी ते वाचलं, नानांचा अर्जही वाचला.

“बाई, तुम्ही लिहिलंय की जिना चढणं-उतरणं सर्वथा अशक्य झालंय. हे म्हणतात तुम्ही चढता. खरं काय?”

अशक्य आहे म्हणावं तर पन्नास हजार समोर दिसत होते, पण पाठीमागे मुलगा बसला होता. जिना चढणं अशक्य असलेल्या आईला तो एक दिवस तरी अमळनेरात ठेवील? येतं म्हणावं तर नानांचं सगळं वजन वाऱ्यावर. इतके दिवस ज्या केससाठी धावले, ती घरात राहायला मिळावं म्हणून केली होती, आणि आता तीच मला घराबाहेर काढायला निघाली होती.

“येतं, मॅडम,” मी म्हटलं. “चढता येतं, उतरताही येतं.”

“मग हे कैदी वगैरे?”

“लिहिणाऱ्याने जरा जास्त लिहिलं. मी सही केली. पन्नास हजार नकोत मला. माझे वीस हजार तेवढे द्यायला सांगा.”

मॅडमनी त्याला विचारलं, कधी देता? तो म्हणाला, सोमवारी. मॅडम म्हणाल्या, “सोमवार नको, तारीख सांगा.” बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा तारीख सांगावी लागली. दोन हप्ते, वर माझा येण्याजाण्याचा खर्च, असा आदेश झाला. मी जिंकले होते, पण माझं लक्ष बाहेरच्या पायऱ्यांकडे लागलं होतं. चढता येतं हे निम्मं खरं होतं. उतरणं धरायला काही नसताना मला अजिबात जमत नव्हतं.

बाहेर आलो. मुलगा झपाझप खाली उतरून गेला आणि वळून, हाताची घडी घालून उभा राहिला. बघू या म्हणून. वेल्डिंगवाल्याने सवयीने हात पुढे केला. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, खाली मुलाकडे बघितलं आणि हात खिशात घातला. घर विकण्याची गोष्ट त्याला ठाऊक होती. बसमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होती.

मग तो एकदम माझ्यापुढे एक पायरी खाली गेला, माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि ओरडला, “ईस हजार! मना बठ्ठा धंदा बुडाडी टाका तुम्ही, अक्का!”

क्षणभर मला कळेचना. मग त्याने ओठ न हलवल्यासारखं करून म्हटलं, “हयूहयू उतरा. आते डावा पाय.”

मी डावा पाय खाली टाकला आणि त्याच्या खांद्यावर जोरात पंजा मारला. “तुना बापना पैसा शेतस का त्या?” पंजा तिथेच ठेवला. तो उलट्या पावलांनी एक पायरी उतरला, मी एक उतरले. “हाऊ काय न्याय शे का?” तो किंचाळला, आणि खालच्या आवाजात, “उजवा.” मी त्याचा खांदा गदागदा हलवत ओरडले, “तुनी मावशी दर महिनाले मरस का रे?” असे आम्ही उतरलो. तोंडाला येईल ते मी बोलले, आणि त्याने माझ्यावर डोळे वटारत मला एकेक पायरी खाली आणलं. माझा तोल गेला असता तर मी त्याच्या छातीवरच पडले असते, इतका तो जवळ होता. वकील, पक्षकार, चहावाला, सगळे बघत उभे राहिले. एक पोलीस पुढे सरसावला आणि आमचे अवतार बघून मागे गेला.

खाली पोचले तेव्हा माझे पाय लटलट कापत होते. लोकांना वाटलं संतापाने. तो तिकडे तोंड फिरवून घाम पुसत होता. मुलाने मला दंडाला धरून बाजूला घेतलं. लाजेने त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

“बस कर ना आई, लोक बघताहेत! केवढं भांडतेस!” मग त्याला हसू फुटलं. “रेलिंग दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ, पैसे तर मिळतायत. पण तुला पुण्याला नेलं तर सोसायटीवाले आठ दिवसांत मला हाकलून देतील. तू आपली इथेच बरी.”

“बरं,” मी म्हटलं, “तू एवढं म्हणतोस तर राहते.”