पान कोणीकडे दुमडलं

आमची वैनी जेवणाऱ्याचं तोंड बघायची नाही, पान बघायची. जेवण झाल्यावर केळीच्या पानाची वरची बाजू आपल्याकडे ओढून दुमडली, की तृप्त झालो, पुन्हा येईन, असा आमच्या कुंभकोणम्‌मध्ये अर्थ. पलीकडे दुमडतात ते फक्त तेराव्याच्या आणि श्राद्धाच्या पंगतीत. तसल्या जेवणाला पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. एका लग्नात पुण्याच्या पाहुण्याने खुशाल पलीकडे दुमडलं. वैनीच्या हातातलं साराचं भांडं हिंदकळलं. "अय्यो, सरळ करा ते, सरळ करा!" पाहुणा इतका घाबरला की पुन्हा भात मागून जेवला.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. आई गेली तेव्हा मी लहान होतो, मला तिनेच वाढवलं. उद्या कोणी जेवायला घालेल ना, ही धास्ती मला तेव्हापासूनची. भाताचा गोळा मी चड्डीच्या खिशात दडवायचो. धुताना तो तिच्या हाती लागला. ती रागावली नाही. माझा हात पोचेल अशा फळीवर तिने चुरमुऱ्यांचा डबा ठेवला आणि तो कधी रिकामा होऊ दिला नाही. मी मात्र दिवसातून दहादा झाकण उघडून बघायचो.

पुढे अण्णाने मला दुकानातून काढलं. म्हणे, "तुझ्या तोंडाला भिऊन गिऱ्हाईक पळतं." बापाच्या दुकानातला माझा वाटा त्याने कसा गिळला, हे सांगायला बसलो तर वैनी बाजूलाच राहील. मी चोळपुरम्‌च्या बागांतून केळीची पानं आणून विकू लागलो. आज गावातल्या बहुतेक मंगल कार्यालयांत माझं पान पडतं, आणि ते कोणाच्या मेहेरबानीने नाही.

अण्णाशी बोलणं तुटलं, पण दुपारचं जेवण वैनीकडेच, आणि तेही अण्णाच्या शेजारी. तिचा कायदा होता, "काय भांडायचं ते पान उचलल्यावर." मी म्हणायचो, "वैनी, मीठ इकडे सरकवायला सांग." अण्णा म्हणायचा, "त्याला हात नाहीत का, विचार." ती दोघांच्या पानांवर उडदाच्या पिठाचं डांगर वाढत म्हणायची, "तोंड खायला उघडतं, मग बोलायला काय होतं?"

बाजारात मी कोणाला सोडत नाही. पण ती एखादं पान उजेडात धरून म्हणायची, "तंबी, शेंड्याचं अख्खं पान मंडपाला आणि चिरलेलं मला? मी तुला असं वाढलं होतं?" धाकट्या भावाला आमच्याकडे तंबी म्हणतात. तिने तंबी म्हटलं की माझा भाव तिथेच संपायचा.

'पोदुम', म्हणजे पुरे, असं कोणी पहिल्याच वाढपाला म्हटलं तर तिला लागायचं. मग एके वर्षी तीच पोदुम म्हणू लागली. आधी भात सुटला, मग मऊ भात, मग नुसतं सार. अन्ननलिकेत गाठ निघाली. ऑपरेशन तंजावूरला ठरलं.

"वाचतील ना?" मी डॉक्टरांना विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही."

"येत नाही म्हणजे? नक्की काय ते बोला!" मी ओरडलो. भीती वाटली की माझा आवाज चढतो, हे वैनीला ठाऊक होतं. तिने माझी बाही धरून मला खाली बसवलं.

निघायच्या दिवशी ती पहिल्यांदाच आमच्याबरोबर पंगतीला बसली. दोन घोट सार घेतलं. तिच्या पानावरून माझी नजर हटेना. मी जेवायचा थांबलो. तिने पलीकडे दुमडलं तर? अण्णाचाही हात थांबला होता. वैनीने पानाच्या वरच्या कडेवर बोटं ठेवली आणि तशीच बसून राहिली.

"काय बघता रे दोघं? जेवा." तिने पान आपल्याकडे ओढून दुमडलं.

"शब्द दिलास, वैनी," मी म्हटलं.

"दिला."

ती परत आली नाही. शब्द फिरवणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. हिच्याशी कुठे जाऊन भांडू?

तिच्या पहिल्या श्राद्धाला पानं माझीच होती, सगळी शेंड्याची. जेवणं झाली, एकेक जण पान पलीकडे दुमडू लागला. माझा हात जाईना. पलीकडे दुमडलं की ती गेली, हे मीच कबूल केल्यासारखं होणार होतं. मी पान आपल्याकडे ओढलं.

"अरे, हे काय अशुभ! आणखी कोणाला न्यायचंय?" एक म्हातारे काका ओरडले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"राहू दे त्याचं."

मी अण्णाच्या तोंडाकडे बघितलं नाही, पानाकडे बघितलं. ते अजून उघडंच होतं, आणि त्याची बोटं वरच्या कडेवर होती.