लोडशेडिंगमधलं बिरडं

आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून आमचा पॉवरलूमचा कारखाना. भातशेती परवडेना तेव्हा सासऱ्यांनी शेताच्या एका तुकड्यावर तो बांधला होता. बाहेरच्या माणसाला त्याचा आवाज कितीही वर्णन करून सांगितला तरी कळत नाही, त्याने एकदा आत येऊन उभं राहावं. आधी कान बधिर होतात, मग डोकं. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मी कानात कापूस घालून जेवत असे. नंतर अशी सवय झाली की खटखट चालू असली की मला गाढ झोप लागायची आणि थांबली की दचकून जाग यायची. माझं माहेर गणेशपुरीकडचं. तिथे बेडूक जरा जास्त ओरडले तरी आई म्हणायची, काय मेला गोंगाट. तिला आमच्याकडे मुक्कामाला आणायचं धाडस मी कधी केलं नाही.

हे व्यसनमुक्ती केंद्रातून दुसऱ्यांदा घरी आले ती दिवाळीनंतरची गोष्ट. पहिल्यांदा आले होते तेव्हा आम्ही आळीभर पेढे वाटले होते, आणि पुढच्या गणपतीत हे पुन्हा पिऊन पडले. दुसऱ्या वेळी मी पेढ्यांचं नाव काढू दिलं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांचं यकृत आता आणखी एकदा हे सोसणार नाही. मी भांडकुदळ बाई, पोटात काही ठेवायची मला सवय नाही, पण हे मात्र मी सासूबाईंनाही सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कधीही वाटायची.

केंद्रातल्या ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं. तलफ येणारच. ती कुठल्या वेळी येते ते ओळखून ठेवायचं. आणि आली की लपवायची नाही, जवळच्या माणसाला सरळ सांगायचं की मला आत्ता प्यावीशी वाटतेय. तेवढं बोललं आणि थोडा वेळ कुणासोबत काढला की ती उतरते. यांनी मान हलवली. मान हलवण्यात आमचे हे पहिल्या नंबरचे आणि बोलण्यात शेवटून पहिले. कधीही विचारा, "कसं वाटतंय?" उत्तर ठरलेलं. "काय न्हाय."

मग वेळा ओळखायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी ते अगदी पोलिसासारखं केलं. शुक्रवारी भिवंडीतले साचे, म्हणजे माग, बंद, म्हणून शुक्रवारी यांना एसटीत घालून वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं. संध्याकाळी दळण, बाजार, भजन, जे सापडेल ते पुढे करायचं. आमच्या लोकांच्या हळदीत हळद कमी आणि बाटल्या जास्त, म्हणून हळदीचं आमंत्रण आलं की मी आजारी. त्या लगीनसराईत मी इतक्या वेळा आजारी पडले की जावेच्या आईने माझ्यासाठी काढा करून पाठवला, आणि तो मला सगळ्यांसमोर प्यावा लागला.

कारखान्यातल्या खुणासुद्धा मी सोडल्या नाहीत. आत आवाजामुळे सगळं बोलणं हातांनी चालतं. धागा तुटला, शेठ आला, घरून बोलावणं आलंय, सगळ्याला खुणा. चहाची खूण म्हणजे अंगठा तोंडाकडे. मी म्हटलं, ही खूण आजपासून बंद. चहा हवा असेल तर बिस्कीट बुडवल्यासारखी दोन बोटं खालीवर करायची. आमचे चारही कारागीर उत्तर प्रदेशातले, चांगले दाढीमिशांचे बाप्ये. ते गपचूप हवेत बिस्किटं बुडवायला लागले.

एवढा बंदोबस्त करूनही मला खरी वेळ सापडली नव्हती. ती सापडली सासूबाईंना. त्या दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवत. एके दिवशी भर दुपारी मला हाक मारून म्हणाल्या, "अगो, लाइट गेली का याचं तोंड बघ."

त्या वर्षांत लोडशेडिंगने भिवंडीचा जीव नकोसा केला होता. लाइट गेली की सगळ्या आळीतले साचे एकदम थांबायचे. मी जाऊन पाहिलं. कारागीर पत्र्याखालच्या उकाड्यातून बाहेर येऊन बाजेवर पसरले होते, आणि हे दारात उभे होते, खाडीकडच्या रस्त्याकडे तोंड करून. पाय सारखे चुळबुळत होते. मला एकदम लख्ख कळलं. कित्येक वर्षं साचे थांबले की आळीतले सगळे मालक मिळून त्याच रस्त्याने दारूच्या अड्ड्यावर जायचे. हे सुधारले होते, यांच्या पायांना ते कुणी कळवलं नव्हतं. आवाज थांबला की पाय निघायला बघायचे.

आता लाइट काही माझ्या हातात नव्हती. मला फार मोठं काही सुचलं असंही नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, बिरडं करायचं होतं, मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात पडले होते आणि सोलायला हात कमी होते. तेवढ्यात लाइट गेली. मी परात उचलली, कारखान्यात नेली आणि यांच्यापुढे आदळली.

"बसा. सोला."

"मी?"

"मग काय वायरमनला बोलावू?"

हे बसले. शेठ बसले म्हणून कारागीरही बसले. वाल सोलणं हे किती चेंगट काम आहे ते ज्याने केलं त्यालाच माहीत. त्याला जोर चालत नाही. हलकेच चिमटीत धरून साल तेवढी सरकवायची, जरा जास्त दाबलं की दाणा सुटून थेट समोरच्याच्या दाढीत. आमच्या सगळ्यात वयस्कर कारागिराने बराच वेळ एका वालाशी झटापट केली आणि वैतागून मला विचारलं, "भाभी, इसका छिलका उतारना है कि इसकी खुशामद करनी है?"

सगळे हसले, हेसुद्धा हसले. परात संपेपर्यंत लाइट आली होती आणि पाय जागच्या जागी होते.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज वाल भिजायला लागले. लाइट गेली की मी परात घेऊन हजर. आणि एक गंमत झाली. आमच्याकडे हे कारागीर वर्षानुवर्षं काम करत होते, पण त्यांचा खरा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. आता शांततेत हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. एकाने त्याच्या गावच्या आंब्याच्या चोरीची गोष्ट सांगितली, ती पुरवून पुरवून त्याने आठवडाभर चालवली. एकाला बहिणीच्या लग्नाची काळजी होती, त्यावर सगळ्यांनी मिळून खल केला. हे आधी नुसते ऐकायचे. मग एकदा म्हणाले, "आज वाल बरं सुटतात." मी ते भाषण समजून घरी सगळ्यांना सांगितलं. पुढे पुढे यांनी लहानपणी वडिलांबरोबर खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडायला गेल्याची गोष्ट सांगितली, तीही मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करून. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ती गोष्ट मीही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

फक्त तलफेबद्दल यांनी अजून चकार शब्द काढला नव्हता. विचारलं की "काय न्हाय".

एवढे वाल सोलल्यावर ते खायलाही लागतात, याचा विचार मी केला नव्हता. सकाळी बिरडं, संध्याकाळी बिरडं, डब्यात बिरडं, शेजारी वाटी भरून बिरडं. शेजारणी मला येताना पाहून दार लोटून घ्यायला लागल्या. पोरांनी ताटावर बहिष्कार टाकला. सासूबाईंच्या पोटात सारखा वारा धरायचा. लोडशेडिंग सगळ्या गावात होतं, पण आमच्या घरातल्या वाऱ्याला ते लागू नव्हतं.

अशात धाकटे भावजी धावून आले. त्यांचा काल्हेरला गोदामांचा व्यवसाय. दादाला साचे थांबले की त्रास होतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. एका सकाळी टेम्पोतून जुना पण दणकट जनरेटर घेऊन आले आणि छाती फुगवून म्हणाले, "वयनी, आता लाइट गेली तरी साचा थांबाचा न्हाय. दादाचं टेन्शन खलास."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आवाज थांबल्यावर तलफ येते ना, मग आवाजच थांबू द्यायचा नाही. इतकं सोपं होतं! नारळ मीच फोडला. कारागीर खूश, कारण त्यांना पगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर, साचा थांबला की त्यांचं पोट थांबायचं. पोरं खूश, बिरडं बंद झालं. सासूबाईंनी जनरेटरला हळदकुंकू लावलं.

हे एकटे काही बोलले नाहीत. पण हे कधी बोलतात?

काही दिवसांनी मला जाणवायला लागलं. यांचं जेवण कमी झालं. रात्रीचा घास ताटात फिरवत बसायचे. कारखान्यात जाऊन मी हातानेच विचारायची, काय झालं? हे हातानेच सांगायचे, काय नाही. डिझेलचा कॅन घेऊन पंपावर जायचे ते उशिरा परत यायला लागले. आले की मी काहीतरी निमित्त काढून जवळ जायची आणि वास घ्यायची. डिझेलचाच यायचा. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वास घ्यायची.

मग ती दुपार. लाइट गेली, जनरेटर धडधडला, साचे चालू झाले, आणि थोड्या वेळाने सगळं पुन्हा थांबलं. मी तापले. डिझेल संपेपर्यंत एकालाही दिसत नाही का, असं तोंडाने चालू ठेवत मी कारखान्यात शिरले.

कारागीर आपापल्या साच्यापाशी उभे होते. हे जनरेटरपाशी.

"डिझेल हाय," हे म्हणाले. "मीच बंद केला."

"का?"

यांनी आधी कारागिरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मना प्यावीशी वाटते. कालपासून वाटते. या आवाजात सांगू तरी कुणाला?"

वयस्कर कारागिराने कोऱ्या कापडाचा एक तागा ओढून माझ्यापुढे ठेवला. "बैठो, भाभी." मी बसले. हेही शेजारी टेकले. चौघेही येऊन भोवती खाली बसले. हातात सोलायला काही नव्हतं, म्हणून मी यांचा हात धरला. चारचौघांत मी यांचा हात लग्नात धरला होता, त्यानंतर तेव्हाच.

हे सांगायला लागले. अडखळत, थांबत, अर्धं आमच्या बोलीत, अर्धं हिंदीत. तलफ घशात नसते, इथे असते म्हणून बरगड्यांखाली हात ठेवून दाखवलं. काल डिझेल आणायला गेले तेव्हा पाय कसे वळले, कॅन हातात घेऊन खाडीच्या रस्त्याने कसे चालत गेले, अड्ड्याचं दार उघडं होतं, आतून कुणीतरी हाक मारली. माझा हात दुखेपर्यंत यांनी आवळला होता. मी सोडवला नाही.

तेवढ्यात दारावरचा बल्ब पेटला. लाइट आली.

आळीतले साचे एकामागून एक सुरू व्हायला लागले. आमचे कारागीर बल्बकडे बघत होते. साचा बंद राहील तेवढं त्यांचं कापड बुडणार होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. एकही उठला नाही.

ओट्यावरून सासूबाई ओरडल्या, "लाइट आली रं! साचे कनाला बंद?"

वयस्कर कारागीर जागचा न हलता ओरडला, "अम्मा, थोड़ा ठहरो! सेठ बोल रहे हैं!"

यांना हसू फुटलं. डोळे पुसले, घसा खाकरला आणि विचारलं, "कहाँ तक आया था मैं?"

"अड्डे के दरवाज़े तक, सेठ," तो म्हणाला. "वहीं से वापस आए."